कान तुमचे, कात्री माही

आमचे घरमालक चहा मिलिसेकंदांत मागायचे. "तीन लाखांत होऊन जाईन ना?" असं ते ओसरीतून आत विचारत आणि काकू आतून "पाच मिनिटं लागतीन" असं साध्या माणसांच्या हिशेबात उत्तर देत. पहिल्या आठवड्यात हे ऐकून मला वाटलं, घराचा सौदा चालू आहे. मी वर जाऊन बायकोला सांगितलं, भांड्यांची खोकी एवढ्यात उघडू नको. दोन दिवस आम्ही एकाच पातेल्यात सगळं शिजवलं.

पुढे कळलं, पाच मिनिटांचे तीन लाख मिलिसेकंद होतात. ज्या भाषेत ते संगणकाशी बोलत, तिच्यात रेकॉर्ड केलेला आवाज कापायचा तर तो असाच मोजावा लागे. आणि एक माप यंत्रासाठी नि दुसरं घरासाठी, असं दोन्ही सांभाळणं त्यांना पटत नसे.

बाभुळगावात त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही सहा वर्षं राहिलो. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, शाळा आठ-नऊ किलोमीटरवरच्या एका बंजारा तांड्यावर. ते तार ऑफिसातून निवृत्त झालेले. तार बंद होऊन जमाना झाला तरी गाव त्यांना तारमास्तरच म्हणे. मी काका म्हणायचो. सत्तरी ओलांडल्यावर मुलीने नागपूरहून येताना आपला जुना लॅपटॉप त्यांना आणून दिला, पत्ते खेळायला. त्यांनी पत्ते उघडलेच नाहीत. ग्रंथालयातून पायथनचं पुस्तक आणलं आणि उन्हाळाभर ते पालथं घातलं. पायथन म्हणजे संगणकाला कामं सांगायची एक भाषा. त्या शब्दाचा खरा अर्थ अजगर, हे कुणीतरी काकूंना सांगितलं, तेव्हापासून लॅपटॉपचा मुक्काम देवघराशेजारून ओसरीत हलला.

"कमी शब्दात नेमकं सांगायचं, हेच तं मी जन्मभर केलं," ते म्हणत. "पहिले लोकं चुका करत अन् मी दुरुस्त करो. आता मी चुका करतो अन् मशीन बोट ठेवते."

चुका त्यांना आवडत. पडद्यावर लाल अक्षरांच्या सात-आठ ओळी कोसळल्या की सामान्य माणूस दचकतो. मी तर झाकण मिटून मोकळा होतो. ते खुर्चीतून उठून उभे राहत, चष्मा कपाळावरून नाकावर घेत आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचत. शेवटचीच. वरचं सगळं रडगाणं असतं, नेमकं काय बिघडलं ते तळाला लिहिलेलं असतं, हा त्यांचा सिद्धान्त. तारेचंही तसंच, म्हणे. पाठवणाऱ्याचं नाव शेवटी, आणि नाव कळलं की वरचं निम्मं आपोआप कळतं. या सवयीने ते जगातला सगळाच मजकूर खालून वाचू लागले होते. लग्नपत्रिका हातात आली की आधी जेवणाची वेळ, मग कार्यालय, आणि सावकाश नवरदेव. एकदा नवरीचे वडील समोर बसलेले असताना त्यांनी हे वाचन मोठ्याने केलं. काकूंनी पत्रिका हातातून काढून घेतली आणि ती वरून वाचून दाखवली.

माझं आणि त्यांचं खरं जमलं ते याडीच्या गोष्टींवरून.

याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. तांड्यावरच्या एका म्हातारीला लहानथोर सगळेच याडी म्हणत. बैलांवर मिठाच्या गोणी लादून मुलूखभर फिरणाऱ्या जुन्या तांड्यांच्या गोष्टी तिला येत, आणि तिच्याइतक्या आता दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या. माझ्या वर्गातली पोरं घरी गोरबोली बोलणारी, मराठी वाचताना दर ओळीला ठेचकाळणारी. घरच्या बोलीतल्या गोष्टी शाळेच्या स्पीकरवर वाजल्या तर शाळा त्यांना परकी वाटणार नाही, अशी कल्पना मला सुचली. मला कल्पना पुष्कळ सुचतात. माझी बायको त्यांची यादी ठेवते. ही मात्र याडीलाही पटली. अडचण एकच होती. दिवाळी झाली की ती लेकीकडे आदिलाबादला कायमची राहायला जाणार होती. करायचं ते चार महिन्यांत करायचं होतं.

मी मोबाइलवर तिच्या सव्वीस गोष्टी रेकॉर्ड केल्या. मध्ये आवाज नकोत म्हणून पोरांना बाहेर काढलं, दार लोटलं, आणि स्वतः तोंडातून ब्रही न काढता समोर बसलो. याडी दोन वाक्यं सांगे आणि थांबून माझ्याकडे बघे. मी मान हलवी. मग ती पुढे जाई. माझ्या या शिस्तीचा मला फार अभिमान वाटत होता. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे तो फार टिकला नाही.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला खोकला, "चालू झालं का जी?", आणि शेवटी माझं मोबाइल बंद करायचं बटण शोधणं. ते सगळं कापायला हवं होतं. काकांवर सोपवायच्या आधी मी त्यांचाच एक छोटा प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर घेऊन, ओसरीत बसून स्वतः करून पाहिलं. व्हॉट्सअ‍ॅपवरून लॅपटॉपवर घेतलेल्या फाइली प्रोग्रॅमला चालेनात, म्हणून मी नावामागचं शेपूट पुसलं आणि तिथे हाताने एमपीथ्री लिहिलं. लाल अक्षरांचा ढीग पडला. काका उभे राहिले, शेवटची ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"गुरुजी, सरकीच्या पोत्यावर तूर लिवली तं आत तूर होते का?"

नाव बदललं म्हणून फाइल बदलत नाही, ती रीतसर रूपांतर करून घ्यावी लागते, हे त्यांनी मला समजावलं, आणि ते रूपांतर करणारं सॉफ्टवेअर मी मुळात टाकलेलंच नाही हेही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी दहाव्या सेकंदापासून चाळिसाव्यापर्यंतचा तुकडा मागितला. लाल अक्षर एकही नाही. आनंदाने लावून बघितलं तर नुसतं 'टक्'. मी आवाज वाढवला. मोठ्याने टक्. घरात तीन लाखांचा चहा वर्षानुवर्षं ऐकूनसुद्धा मी दहा ते चाळीस मिलिसेकंद मागितले होते. काका इतके हसले की काकू पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आल्या. पुढे कितीतरी दिवस मी जिन्यावरून उतरलो की ते ओसरीतून म्हणायचे, "टक्."

पण हसून झाल्यावर ते गंभीर झाले. म्हणाले, "बोंबलते ते चूक सज्जन, गुरुजी. हे अशी चूक बेकार. मशीन म्हणते झालं, अन् झालेलं काईच नसते. म्हून शेवटी कानानं ऐकाच लागते."

आणि तिथेच त्यांचं घोडं अडत होतं. तार ऑफिसातल्या कट्ट-कडकट्टमध्ये उभा जन्म गेलेला त्यांचा डावा कान जवळजवळ बंद पडला होता; उजवा चालायचा, पण बोलणारा समोर असला तरच. हे ते कबूल करत नसत. प्रोग्रॅममध्ये उणे चाळीस डेसिबलच्या खालचा आवाज म्हणजे शांतता, असं त्यांनी ठरवून दिलेलं होतं. त्यामुळे कुणाचं ऐकू आलं नाही की "तुमचा आवाज उणे चाळीसच्या खाली चालला" असं समोरच्यालाच सुनावत. निवृत्तीनंतर ते गावाबाहेर गेले नव्हते. एसटीचे धक्के बसतात, असं कारण सांगत. खरं कारण काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं होतं: परक्या माणसाने काही विचारलं आणि ऐकू आलं नाही तर, ही धास्ती.

तेव्हा आमचा करार झाला. "कान तुमचे, कात्री माही," ते म्हणाले. ते प्रोग्रॅम लिहिणार, मी प्रत्येक फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून वहीत बरोबरची खूण करणार.

कात्री चालवण्याआधी त्यांचा एक नेम होता. प्रोग्रॅमची पहिलीच ओळ मूळ फाइलची नक्कल करायची. मूळ फाइल 'मूळ' नावाच्या फोल्डरात जाऊन बसे आणि तिला मग कुणी हात लावायचा नसे. एवढं कशाला, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. नोकरीला नवीन असताना एका माणसाने थोरल्या भावाला तार करायला लांबलचक मजकूर आणला होता. काकांनी नेहमीप्रमाणे फालतू शब्द काढले. फालतू शब्दांत 'दादा' हाही गेला. चार दिवसांनी तो थोरला भाऊ तारेचा कागद घेऊन थेट ऑफिसात हजर. बाप आजारी आहे हे कळलं, पण धाकट्याने दादा का म्हटलं नाही, त्याचं काही बिनसलं आहे का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"मूळ कागद मी फाडून टाकला होता," काका म्हणाले. "दाखवाले काईच नोतं."

मग त्यांनी याडीच्या गोष्टींसाठी प्रोग्रॅम लिहिला. एकेक फाइल हाताने कापणं त्यांना कमीपणाचं वाटे. आवाज उणे चाळीसच्या खाली गेला आणि अर्धा सेकंद तसाच राहिला, तर तेवढी जागा काढून टाकायची, असा हुकूम त्यांनी दिला. सव्वीस गोष्टी चहा व्हायच्या आत कापून तयार. चार मिनिटांची गोष्ट अडीच मिनिटांची झाली. ते जाम खूश. लाल अक्षर एक नाही. वही माझ्याकडे आली.

आता माझं काय झालं ते सांगतो. पहिल्या तीन गोष्टी मी अर्ध्या-अर्ध्या मिनिटापर्यंत ऐकल्या. आवाज स्वच्छ होता. उरलेल्या तेवीस गोष्टींना जेवता जेवता बरोबरच्या खुणा केल्या. घटक चाचणीचे पेपर तपासून माझा हात त्यात बसलेलाच आहे.

शनिवारी शाळेत स्पीकर लावला. याडीला खुर्ची दिली, पण ती पोरांपुढे खालीच बसली. पहिली गोष्ट तिच्या सगळ्यांत लाडक्या बैलाची. पाठीवर मिठाच्या गोणी घेऊन तो भरलेल्या नदीत पाय टाकतो. गोण्या भिजल्या तर मीठ विरघळून जाणार आणि तांडा उपाशी राहणार. ही गोष्ट मी समोर बसून ऐकली होती तेव्हा मीही पुढे सरकून बसलो होतो. स्पीकरमधून मात्र बैल नदीत उतरला आणि त्याच दमात पलीकडे निघाला. वाक्यामागून वाक्य, जसा काही कुणी मागे लागला आहे. पोरं चुळबूळ करू लागली. एकाने दुसऱ्याला चिमटा काढला. याडी शेवटपर्यंत खाली मान घालून ऐकत राहिली. मग उठली आणि म्हणाली, "ई मारी वात छेनी."

ही माझी गोष्ट नाही. मला वाटलं, तिला यंत्रातला आपला आवाज ओळखू आला नसेल. मी समजावायला गेलो. तिने मराठीत सांगितलं, आवाज माहाच आहे, गोष्ट माही नाही, हे पोराईले ऐकवू नका. आणि ओढणी सावरून निघून गेली. दिवाळीला तीन आठवडे उरले होते.

संध्याकाळी ओसरीत मी काकांना झालेलं सांगितलं. तीनच गोष्टी ऐकल्या हेही सांगायचा विचार होता, पण ते तोंडातच राहिलं. त्यांनी मूळ फाइल आणि कापलेली फाइल पडद्यावर एकाखाली एक उघडली. आवाजाच्या रेघा मला डोंगरांसारख्या दिसतात, त्यांना त्या वाचता यायच्या. वरच्या रेघेत दर थोड्या अंतराने सपाट मैदान होतं. खालच्या रेघेत सगळे डोंगर एकमेकांना चिकटलेले.

"इथं काय होते?" त्यांनी एका मैदानावर बोट ठेवलं.

मी म्हटलं, काही नाही, याडी थांबते.

"कायले थांबते?"

माझ्याकडे बघते, मी मान हलवतो, मग ती पुढे सांगते, असं मी सांगितलं. मग आतून काकूंचा आवाज आला. त्या म्हणाल्या, "गोष्ट सांगनाऱ्याले हूं म्हना लागते, गुरुजी. लहानपनी नाई म्हनलं का?"

म्हटलं होतं. आजीच्या गोष्टीला हूं म्हणायचं राहिलं तर ती तिथेच थांबायची. झोपलो का जागा आहे, हे तिला तेवढ्यावरून कळायचं. रेकॉर्डिंग स्वच्छ यावं म्हणून मीच ते हूं गिळलं होतं. मग उरलेली मोकळी जागा काकांच्या कात्रीने नेली.

काका दोन बोटांनी टेबलावर कट्ट, कडकट्ट असं वाजवून म्हणाले, "मी तारमास्तर आहो, गुरुजी. तारेत दोन ठोक्याच्या मंधातली जागाच अक्षर सांगते. जागा गेली का सारी तार गेली. अन् मीच जागा कापली." मग झाकण मिटलं. मिटताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. "उद्या मले तांड्यावर न्या."

मी म्हटलं, एसटीचे धक्के? ते म्हणाले, "तुमच्या गाडीवर."

दुसऱ्या दिवशी रविवार. लॅपटॉप कापडी पिशवीत गुंडाळून पोटाशी धरलेला, असे ते माझ्या मागे बसले. याडी अंगणात तूरडाळ निवडत होती. काका तिच्या समोर, उजवा कान पुढे करून जमिनीवर बसले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "बाई, मले कमी ऐकू येते. जोरानं बोला."

सहा वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी ऐकलं नव्हतं. पुढे त्यांनी सरळ सांगितलं: गोष्ट तुमची, गुरुजींनी नीटच भरली होती, बिघडवली मी. कात्री माही होती.

आता गप्प बसणं मलाही शक्य नव्हतं. मी म्हटलं, कान माझे होते, आणि मी ते लावलेच नाहीत. तेवीस गोष्टी न ऐकता खुणा केल्या. काकांनी माझ्याकडे न बघता मान डोलावली. त्यांना माहीत होतं. लावलेल्या कानाने केलेली खूण इतकी सरळ रेषेत येत नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

याडी डाळ निवडतच होती. म्हणाली, "लावा तं तुमचं जुनं."

त्यांनी 'मूळ'मधली बैलाची गोष्ट लावली. खोकला, "चालू झालं का जी", मागे कोंबडी. यंत्रातल्या याडीने आपली दोन वाक्यं सांगितली आणि ती थांबली. सवयीने मी मान हलवली.

"गुरुजी मानच हलवते," याडी सुपाकडे बघत म्हणाली. "माही गोष्ट मानेवर नाई चालत."

काका पडद्याकडे बघत होते. ऐकू कितपत येत होतं देव जाणे, पण डोंगर संपून मैदान लागलेलं त्यांना दिसत होतं. ते मोठ्याने म्हणाले, "हूं."

यंत्रातली याडी पुढे बोलू लागली. पुन्हा मैदान, पुन्हा काकांचं हूं, नेमकं जिथे हवं तिथे. याडीचा हात सुपातच थांबला. शेजारची दोन-तीन पोरं येऊन टेकली, तिसऱ्या मैदानाला तीही हूं म्हणाली. बैल नदीकाठी आला. नदीत पाय टाकला. आणि सगळ्यांत लांब मैदान आलं. पोरांनी तोंडं उघडली, तशी काकांनी हात वर करून त्यांना थोपवलं. कोंबडीसुद्धा गप्प होती. बैल पाण्यात, मीठ पाठीवर, आणि कुणी काही बोलेना. काकांचं बोट पडद्यावरून त्या सपाट रेघेबरोबर सरकत होतं.

"हूं," याडी म्हणाली. आपल्याच गोष्टीला.

बैल पलीकडे निघाला, मीठ शाबूत, आणि पोरांनी श्वास सोडला. याडी काकांना म्हणाली, "तुमाले ऐकू येते." ते म्हणाले, "नाई. दिसते."

तिने परवानगी दिली. अट एक: हूं म्हणायला कुणी नसेल तेव्हा गोष्ट लावायची नाही. काकांनी तिथेच अंगणात बसून प्रोग्रॅम नवा लिहिला. आता तो फक्त दोन्ही टोकं कापायचा, पोटाला हात लावायचा नाही. कोंबडीचा आवाज तेवढा काढतो, असं ते म्हणाले, तर याडी म्हणाली, "कोंबडी माहीच हाय. राहू द्या." या वेळी सगळ्या सव्वीस गोष्टी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या. वहीतल्या खुणा वाकड्यातिकड्या आल्या, आणि त्या काकांनी बारकाईने तपासल्या. दिवाळीच्या आत याडीने आणखी पाच गोष्टी सांगितल्या, त्या भरताना पोरं आत होती आणि दार सताड उघडं.

पुढे माझी बदली मारेगावला झाली. शाळेतला स्पीकर अजून चालतो, असं माझ्या जागी आलेल्या बाई सांगतात. आदिलाबादहून याडीने नातवाकडून फोन लावून एकदा विचारलंही होतं, पोरं हूं म्हणतात ना. काका आता ऐंशीला टेकले आहेत. उजवा कानही थकला, पण फोन मात्र ते स्वतः करतात, मोठा आवाज लावून. परवा त्यांनी नवा प्रोग्रॅम कसा अडला नि शेवटच्या ओळीने कसा सुटला, ते मला सविस्तर सांगायला घेतलं. मी खुर्चीत रेलून ऐकत होतो. मधेच ते थांबले. मी वाट पाहिली. तेही वाट पाहत राहिले.

"गुरुजी," ते तिकडून म्हणाले, "मान नका हलवू. हूं म्हना."